इथं गाडी थांबवा

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात वॉल नावाचं गाव आहे. १९३१ साली टेड हस्टेड नावाच्या तरुण औषधविक्रेत्यानं तिथं दुकान विकत घेतलं. मंदीचा काळ, त्यात अवर्षण, आणि गावात जेमतेम सव्वातीनशे माणसं. पाच वर्षं माशा मारण्यात गेली. हमरस्त्यावरून मोटारी जायच्या, थांबायचं मात्र कुणी नाव घेत नव्हतं. १९३६च्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोच्या, डोरोथीच्या डोक्यात आलं की तापल्या माळावरून येणाऱ्या या लोकांना तहान तर लागलेली असणारच. मग टेडनं रस्त्याकडेला पाट्या ठोकल्या. बर्फाचं गार पाणी, फुकट. तो पाट्या लावून परत येईस्तोवर दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. आज त्या दुकानाच्या पाट्या मैलोन्‌मैल आधीपासून दिसायला लागतात, आणि महामार्गालगत त्यांचा ऐंशी फुटी डायनोसॉर उभा आहे.

हे मला माझ्या भाच्यानं सांगितलं. तो न्यू जर्सीत असतो. पुढच्या उन्हाळ्यात बायकामुलांना घेऊन आरव्हीनं, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणी आणि बिछान्यासकट चालणाऱ्या घरानं, तो अमेरिका उभी-आडवी हिंडणार आहे. ग्रँड कॅन्यन वगैरे त्याच्या यादीत नाही. यादी आहे ती रस्त्याकडेच्या विक्षिप्त गोष्टींची. टेक्ससमध्ये अमारिलोजवळ १९७४ साली शेतात नाकं खुपसून पुरलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या. नेब्रास्कातल्या अलायन्स गावात जुन्या मोटारी उभ्या-आडव्या रचून केलेलं स्टोनहेंज. न्यू जर्सीतच मार्गेटला १८८१ साली बांधलेला, पोटात जिना असलेला सहा मजली लाकडी हत्ती. कॅन्ससमधल्या कॉकर सिटीत सुतळीचा गुंडा, जो एका शेतकऱ्यानं १९५३ साली गुंडाळायला घेतला आणि जाणारे-येणारे अजून गुंडाळतायत.

"मामा, आपल्या माणात असलं काही असेल का हो?" त्यानं विचारलं. नाताळच्या सुट्टीत तो इकडं येणार आहे आणि पोरांना गाडीतच झोपायचंय.

मी आधी नाही म्हणालो. मग वही काढली.

माणदेश कुठून कुठवर, यावर कुणाही दोन माणदेशी माणसांचं एकमत होत नाही. माण आणि खटाव साताऱ्याचे, आटपाडी सांगलीची, सांगोला सोलापूरचा, एवढं बहुतेक मान्य करतात; जत आणि कवठे महांकाळ घ्यायचे की नाही यावर चहा गार होतो. पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. अमेरिकेतल्या त्या गमती जाणारी मोटार थांबावी म्हणूनच बांधल्या गेल्या. आमच्याकडं येणाऱ्याला थांबवायचा विचार कुणी केला नाही, कारण येणारा कोण होता? इथून माणसं जात होती. तरीही वहीची पानं भरत गेली. आणि यादी पुरी झाल्यावर दिसलं की तिच्यातल्या बहुतेक वस्तू पाऊस न पडल्यामुळंच जन्माला आल्यात.

आधी गाडीचं पाहू. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यामुळं अशा गाड्या आता पुण्या-मुंबईत भाड्यानं मिळतात. ती घेताना पोरं वरचा बिछाना बघतात. मोठ्यांनी पाण्याची टाकी आणि संडासाची टाकी बघावी. स्वच्छ पाणी भरायचं कुठं आणि घाण पाणी सोडायचं कुठं, हे दोनच प्रश्न खरे. अमेरिकेत तळातळावर त्याची सोय असते. माणदेशात सोय करून घ्यावी लागते. मंगल कार्यालय, पेट्रोलपंप, देवस्थानचा भक्तनिवास असं आधी फोनवर ठरवून ठेवावं. शोषखड्डा असलेली जागा मिळाली तर उत्तम, आणि ओढ्यात टाकी मोकळी करणाऱ्याला गावानं चोपलं तर माझी हरकत नाही. उंच गाडी गावठाणातल्या बोळात घालू नये, वरच्या वायरी हाताला येतील इतक्या खाली असतात.

बाकी चाकाशिवायचं चालतं घर माणदेशात पूर्वीपासून आहे. गेल्या कार्तिकात पुसेगावच्या अलीकडं धनगराचा वाडा भेटला. वाडा म्हणजे इमारत नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री आणि दोन-चार बिऱ्हाडं मिळून वाडा होतो. दसरा-दिवाळी झाली की माण-खटावची, आटपाडीची मेंढरं पश्चिमेला निघतात, कुणी घाटाखाली कोकणात, कुणी पुण्याकडं, आणि मिरगाच्या तोंडावर परततात. मी गाडी कडेला घेतली आणि एका घोडीवर काय काय आहे ते मोजत बसलो. दोन्ही अंगांना ज्वारी-बाजरीची पोती. त्यावर पितळी हंडा, तवा, काठवट. मागं दोरीनं बांधलेली उलटी खाट, तिच्या पायांमधल्या जागेत झाकलेल्या पाटीत कोंबड्या. वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, गुंडाळून वर टाकलेली. दोन नुकती जन्मलेली कोकरं झोळीत, माना बाहेर. आणि या सगळ्याच्या माथ्यावर, घोंगडीत, चारेक वर्षांची पोर हातात चिप्सचं पाकीट घेऊन बसलेली. घोडीचा कासरा तिच्या आजीच्या हातात होता, दुसऱ्या हातात मोबाइल. रात्रीचा तळ कुणाच्या रानात टाकायचा ते ती ठरवत होती. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडी-मुताचं खत होतं, त्याचे शेतकरी पैसे किंवा धान्य देतो. म्हणजे मुक्कामाचं भाडं द्यायचं नाही, घ्यायचं! भाच्याला हे कळवलं तेव्हा त्यानं आरव्हीच्या तळाचं एका रात्रीचं भाडं सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं नाही.

आता रस्ता. साताऱ्याहून निघायचं, कोरेगाव मागं टाकलं की वर्धनगडाचा घाट लागतो आणि तो उतरला की हवाच बदलते. पुसेगावला सेवागिरी महाराजांचं देवस्थान आहे. मार्गशीर्षातल्या यात्रेत महाराजांचा रथ निघतो आणि भाविक त्याला नोटांच्या माळा बांधतात. दहाच्या, शंभरच्या, पाचशेच्या. दुपार कलेपर्यंत रथाचं लाकूड दिसेनासं होतं. कॉकर सिटीच्या सुतळीच्या गुंड्यासारखंच हे आहे, प्रत्येक येणारा आपलं थोडं जोडून जातो. फरक एवढाच की रथ दुसऱ्या दिवशी सोलून बँकेत भरता येतो. यात्रेच्या दिवशी मोठी गाडी गावाबाहेर दोन किलोमीटरवरच ठेवावी लागेल. इतर दिवशी आलात तर नमस्कार करून पुढं चला.

पुसेगावहून दक्षिणेला उतरलं की औंध. इथं मात्र मुक्काम.

औंध हे बहात्तर गावांचं संस्थान, तेही सलग नाही. एक तुकडा इथं, एक आटपाडीला, एक कुंडलला, एक पार विजापुराकडं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. यमाईच्या डोंगराच्या अर्ध्या चढावर त्यांनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं. साधारण तेवढ्या संस्थानाच्या राजाकडं वाघाची कातडी आणि तलवारी असायच्या. इथं राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, हस्तिदंती कोरीवकाम आहे, युरोपातल्या नामांकित शिल्पांच्या प्रतिकृती आहेत, आणि एका दालनात हेन्री मूरचं दगडी माता आणि मूल आहे. विसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यात मोठा शिल्पकार, आणि त्याचं काम खटाव तालुक्यात, जिथून वडूजला जायची शेवटची एसटी चुकली तर पंचाईत होते. मूर्ती आकारानं लहान आहे. नाकडोळे जवळजवळ नाहीतच, कडेवरचं मूल आईच्या अंगातूनच वाढल्यासारखं दगडातून बाहेर आलंय. शाळेच्या सहली तिच्यासमोरून न थांबता पुढं जातात, कारण पुढच्या दालनात चित्रं रंगीत आहेत. अमेरिकेत असती तर पन्नास मैल आधीपासून पाट्या लागल्या असत्या आणि बाहेर फायबरचं वीस फुटी मूल बसवलं असतं. नाहीये ते बरंच आहे. पण औंधच्या वळणावर एक पाटी चालली असती.

याच राजानं जानेवारी १९३९मध्ये आपला अधिकार रयतेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. मसुद्यामागं गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा आग्रह होता, आणि मॉरिस फ्रीडमन होता. हा वॉर्साचा ज्यू अभियंता. भारतात नोकरीला आला, भारतानंद हे नाव घेऊन भगवी वस्त्रं चढवली, गांधीजींसाठी सूत कातायची धनुष तकली घडवली, औंधात येऊन राहिला आणि पुढं मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तकही त्यानंच केलं. असल्या माणसाला औंधासारख्या ठिकाणीच काम मिळू शकतं, असं माझं मत आहे. मोठ्या संस्थानात त्याला दरवाज्यावरूनच परत पाठवला असता. त्याचं दुसरं काम आपल्याला आटपाडीला भेटेल.

औंधाहून परत उत्तरेला, दहिवडीच्या रस्त्याला. तिथून जवळच गोंदवलं. ब्रह्मचैतन्य महाराजांची समाधी इथंच आहे. १९१३ साली ते गेले. प्रसादाच्या पंगतीला बसायला पावती लागत नाही, फक्त शिस्त लागते. पोरांना ताटात टाकू नका म्हणून आधीच बजावून ठेवा.

दहिवडीच्या परिसरात गाडीतून डोंगर नीट बघत चला. उघड्या बोडक्या डोंगरांवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाआड एक आडव्या रेघा ओढलेल्या दिसतील. ते पाणी अडवायला खणलेले सलग समतल चर. आंधळीजवळच्या टाकेवाडीनं २०१८ सालच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला, आणि दुसऱ्या नंबरात वाटा होता भांडवलीचा, तीही याच तालुक्यातली. पंचेचाळीस दिवस, एप्रिल-मेच्या उन्हात, कुदळ-फावडं घेऊन पहाटे आणि रात्री. अमेरिकेत यूटाच्या खाऱ्या सरोवरात रॉबर्ट स्मिथसन नावाच्या कलावंतानं १९७० साली दगड-मातीचा गुंडाळी बांध घातला, तो बघायला जगभरातून लोक खडबडीत रस्त्यानं जातात. टाकेवाडीच्या रेघा त्याहून लांब भरतील. श्रावणात त्यांच्यात पाणी थांबतं तेव्हा डोंगरावर आरसे लावल्यागत दिसतं.

शिंगणापूरच्या वाटेवर मोही लागतं. ललिता बाबर इथली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती धावली आणि दहावी आली; पी. टी. उषानंतर ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. स्टीपलचेसमध्ये वाटेत पाण्याचे खड्डे ओलांडायचे असतात. माणदेशी पोरीला पाण्याचा खड्डा सरावाला कुठं मिळाला असेल, हा विनोद तालुक्यात सगळ्यांनी करून झालाय.

शिखर शिंगणापूर चैत्रात बघावं, नाताळात बघितलं तर निम्मंच दिसतं. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, शिव आणि शक्ती. चैत्र शुद्ध अष्टमीला त्यांचं लग्न लागतं. त्या वेळी महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत हवेत पांढऱ्या कापडाचा लांबलचक पट्टा बांधतात, त्याला धज म्हणतात. द्वादशीला कावडी येतात. सासवडहून येणारी भुतोजी तेल्याची कावड मानाची, आणि ती गाडीरस्त्यानं येत नाही. मुंगी घाट नावाचा जवळजवळ उभा कडा आहे, तिथून माणसांची साखळी करून, हाताला हात धरून, पाण्याचे मोठे रांजण असलेली ती कावड वर चढवतात. एक पाय निसटला तर वरची दहा माणसं तोल सावरतात. हे करताना सगळे ओरडत असतात ते महादेवालाच, आणि त्यात लाडानं दिलेल्या शिव्याही असतात. मालोजीराजांनी यात्रेकरूंचे हाल बघून डोंगरावर तळं बांधलं, ते अजून आहे. म्हणजे देव पाण्याविना, भक्त पाणी घेऊन, आणि सरदार पाण्याची सोय करणारा. भोसल्यांच्या समाध्याही इथंच आहेत. पार्किंगपासून चढ थोडा आहे, पण गाडीचा हँडब्रेक नीट ओढा.

म्हसवड हे या सहलीचं पोट. सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीला निघतो, गुलाल-खोबऱ्यानं गाव गुलाबी होतं आणि पुढं आठवडाभर कुत्री-मांजरं त्याच रंगात हिंडतात. पण मी भाच्याला नेणार आहे ते गावाबाहेर, राजेवाडीच्या तलावावर.

माणगंगा कुळकजाईजवळ सीतामाईच्या डोंगरात उगम पावते. वर्षातला बराच काळ तिच्यात वाळू आणि वाळूउपशावरून होणारी भांडणं एवढंच असतं. १८७६-७७च्या भीषण दुष्काळात सरकारनं लोकांना काम द्यायचं म्हणून जी कामं काढली, त्यातला हा तलाव. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, नजर पोचत नाही इतका लांब मातीचा बांध, आतल्या अंगाला दगड बसवलेले. त्या काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढीच मजुरी ठरवली होती. मुंबई इलाख्यात लोकांनी तेवढ्यावर काम करायला नकार दिला, हजारोंनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडं अर्जांचा भडिमार केला. बांधावर उभं राहून एक दगड उचलून बघावा. साधारण बाईला एका हातानं उचलणार नाही एवढा. अशा किती जणींनी पोटात पौंडभर धान्य असताना तो डोक्यावर घेतला असेल, याचा हिशेब कुठल्या पाटीवर लिहिलेला असता तर ती मी आधी वाचली असती.

थंडीत इथं पाखरं उतरतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, खटावातल्या मायणीच्या जुन्या ब्रिटिशकालीन तलावावर आणि येरळवाडीलाही येतात; मायणीला २०२१ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कुठल्या साली कुठं उतरतील ते पाणी किती उरलंय यावर ठरतं. फार भरलेला तलाव त्यांना चालत नाही, उथळ चिखल लागतो. दुष्काळी मुलखावर खूश असणारे तेवढेच.

म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांनी सुरू केलेली माणदेशी महिला बँक आहे. तिच्या परवान्याची गोष्ट तालुक्यात सगळ्यांना पाठ आहे. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला, कारण प्रवर्तक बायांतल्या कित्येकींचे अंगठे होते. मग साक्षरतेचे वर्ग निघाले. पुढच्या खेपेला बायका मुंबईला गेल्या आणि साहेबांनाच म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढून दाखवावं. १९९७ साली परवाना मिळाला. तिथंच माणदेशी तरंग वाहिनी नावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. गाडीच्या रेडिओवर ते शोधून ठेवा, गावच्या बोलीतला कार्यक्रम ऐकत रस्ता बरा जातो. आणि आपल्या विषयाला धरून सांगायचं तर त्यांची एक बस आहे, व्यवसायाचं शिक्षण देणारी, गावोगाव जाऊन उभी राहणारी. आत बाका, शिलाई मशीन, संगणक. चालतं घर आपण सुट्टीसाठी भाड्यानं घेतो. इथं चालती शाळा आहे, आणि तिला बघायला कुणी सहल काढत नाही.

म्हसवडहून दिघंचीमार्गे आटपाडी. दोन्हीकडं डाळिंबाच्या बागा. वाटेत डोंगराच्या अंगावरून चढत गेलेला अजस्र लोखंडी पाइप दिसला तर तो टेंभू योजनेचा. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत इतक्या लांब आणतात. पाइपाच्या तोंडातून पाणी हौदात कोसळतं, तिथून कालव्याला लागतं. पोहायची फार इच्छा होते. पोहू नका, धार जोराची असते आणि भिंती गुळगुळीत. पण अर्धा तास नुसतं बघत बसा. शेजारी आटपाडीची म्हातारी माणसंही बघत बसलेली असतात. त्यांच्या हयातीत चढावर पाणी चाललेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलंय.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. १९३०च्या दशकाच्या अखेरीस, फ्रीडमनच्या कल्पनेतून आणि औंधच्या राजाच्या पाठिंब्यानं इथं तुरुंग काढला गेला, ज्याला भिंत नव्हती. जन्मठेपेचे कैदी बायकामुलांसह राहणार, शेती करणार, बाजाराला जाणार आणि संध्याकाळी आपणहून परत येणार. ज्या मुलखातून धडधाकट, बेडी नसलेली माणसं मुंबईच्या गिरण्यांकडं पळत होती, तिथं कैदी सहसा पळाले नाहीत, ही यातली खरी गंमत. ग. दि. माडगूळकर याच तालुक्यातले. त्यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. वसाहत आजही कारागृह विभागाकडं आहे, कैदी आजही कुटुंबांसह राहतात, त्यामुळं आत शिरून फोटो काढायचे नाहीत. कैद्याची पोरं शाळेत जातात, त्यांच्याकडं बोट दाखवायचं नाही. रस्त्यावरून पाटी बघायची आणि पुढं जायचं. अमेरिकेत अल्काट्राझचा रिकामा तुरुंग तिकीट काढून दाखवतात. भरलेला आणि उघडा असा हा एक इथं आहे.

माडगुळ्याला गदिमांचा बामणाचा पत्रा आहे. शेतातली पत्र्याची साधी खोली. मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओंतून वैतागले की ते इथं येऊन लिहीत. धाकटे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. तिच्यामागची खरी वस्ती लेंगरेवाडी, तीही इथून जवळ. शंकरराव खरात आटपाडीचेच. एका कोरड्या तालुक्यानं मराठीला एवढे लेखक का दिले याची कारणं विद्वान देतात, मला त्यातलं एकही पटलेलं नाही. सातवी-आठवीतल्या ज्या पोरांनी ही पुस्तकं वाचली असतील त्यांना घेऊन जा. न वाचलेल्यांना पत्रा हा पत्राच दिसेल.

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषातल्या आणि चैत्रातल्या जत्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो. तिथं सौदा कसा होतो ते जवळ जाऊन बघावं. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात, आणि तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू असताना कापडाखाली बोटांनी किंमत ठरते. कुठलं बोट दाबलं म्हणजे शेकडा आणि कुठलं म्हणजे हजार हे बाहेरच्याला समजू द्यायचं नाही. शेजारी उभा असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून ही युक्ती. एकदा कापड झटकून दोघंही हसत बाजूला झाले, बैल मात्र जागच्या जागी राहिला. सौदा फिसकटला होता, चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

विट्याकडं वळलात तर गलाईवाल्यांची गावं लागतात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम करायला खानापूर, आटपाडी, तासगावकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या भारतभर गेली. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या बोळात भट्टीपाशी मराठी बोलणारा माणूस असेल तर तो बहुधा इकडचा. एरवी या गावांत मोठमोठे बंगले कुलूपबंद. जत्रेला आलात तर त्याच बंगल्यांपुढं कुठकुठल्या राज्यांच्या नंबरप्लेटी लागलेल्या असतात, आणि ओसरीवर खेळणारी पोरं आजीशी मराठीत अन् आपसात तमिळमध्ये भांडत असतात. अमेरिकेत लांबच्या प्रवासात पोरं वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटी मोजायचा खेळ खेळतात. भाच्याच्या पोरांना विट्याच्या चौकात उभं करीन म्हणतो.

शेवटचा टप्पा जत. इथला माडग्याळी मेंढा हा प्राणी पोरांना कुठल्याही डायनोसॉरपेक्षा आवडेल. पाय उंच, कान लोंबते आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं बाक आलेलं. बाक जितका जास्त तितका भाव जास्त. २०२० साली सर्जा नावाच्या अशा एका मेंढ्याला सत्तर लाखांना मागणी आली आणि मालकानं दीड कोटी सांगितले, ही बातमी देशभर गाजली. तेवढ्यात पुण्यात फ्लॅट येतो, म्हणून लोक हसले. पण तो मेंढा पैदाशीचा होता, त्याच्या एकेका कोकराला लाखांत भाव मिळत होता. मालकाचा हिशेब फ्लॅटवाल्यांपेक्षा पक्का होता. कुणाच्या दावणीला असा मेंढा दिसला तर फोटो विचारून काढा. नजर लागते असं मानतात.

जतच्या पूर्व भागात दुकानांच्या पाट्या कानडी व्हायला लागतात आणि चहावाला दोन्ही भाषांत पैसे मागतो. म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट बघून कंटाळलेल्या या भागातल्या गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, त्यावरून २०२२च्या अखेरीस दोन राज्यांचे राज्यकर्ते एकमेकांवर तुटून पडले होते. गावकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं, जो पाणी देईल त्याचे आम्ही.

भाच्याला मी हे सगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं की मामा, हे चार दिवसांत बसत नाही, काहीतरी गाळा. मी गोंदवलं आणि पुसेगाव आधी गाळलं, मग घाबरून परत घातलं, कारण माझी बहीण, म्हणजे त्याची आई, हे वाचणार आहे. गलाईवाल्यांची गावं गाळता येतील. शिंगणापूर वरवर करता येईल, चैत्रात परत यायच्या बोलीवर. औंध आणि राजेवाडी गाळायला मी तयार नाही. त्याच्या बायकोनं वेगळा प्रश्न विचारलाय, आणि तो सगळ्यांत रास्त आहे: या रस्त्यावर बायकांना जाता येईल अशी स्वच्छतागृहं किती? मोजून सांगतो म्हणालोय. सरकारला पर्यटनासाठी माणदेशात काही बांधायचंच असेल तर पुतळे आणि सेल्फी पॉइंट राहू देत, आधी ती बांधावीत, नळाला पाणी असलेली. तोवर गाडीतल्या टाकीवर भागवायचं. टाकी म्हसवडला भरायची, विट्याला रिकामी करायची, दोन्हीकडं ओळखीच्यांशी बोलणं झालंय. फक्त गाडीवाला म्हणतो, एवढ्या उंच गाडीला लेंगरेवाडीचा रस्ता झेपणार नाही, शेवटचं अंतर चालत जावं लागेल.